माशांची कणीक

लग्नाला एकवीस वर्षं झाली, पण परातीत हात घालायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. ती दारणा नदीतल्या माशांनी आणली.

चेहेडीच्या पुलाजवळ दर रविवारी एक काका गळ टाकून बसतात. गांडूळ गळाला लावताना माझं तोंड कसं होतं ते बघून म्हणाले, "तुम्ही पिठाचं करा साहेब. कणीक, पेंड, हिंग, गूळ. झालं!" एवढ्या झटक्यात 'झालं' म्हणणाऱ्या माणसाने कणीक कधी मळलेली नसते, हे तेव्हाच ओळखायला हवं होतं.

शेंगदाण्याची पेंड अर्धा किलो मागितली. दुकानदार म्हणाला, "म्हैस आजारी आहे का?" मासे आहेत म्हटल्यावर त्याने पुढे काही विचारलं नाही.

शनिवारी रात्री ओटा ताब्यात घेतला. दोन वाट्या पीठ, वाटीभर पेंड, हिंग, बडीशेपेची पूड. गुळाचं पाणी धाडकन ओतलं आणि दोन्ही हात मनगटापर्यंत त्यातच अडकले. नेमका तेव्हाच फोन वाजला. नाकाने उचलला. पीठ वाढवलं तर दगड, पाणी वाढवलं तर पिठलं. बायको दारात उभी राहून मजा बघत होती. शेवटी तिलाच दया आली. "अहो, पाणी बेताबेताने घालायचं असतं. आता तेलाचा हात लावा आणि अर्धा तास झाकून ठेवा."

अर्ध्या तासाने एक गोळी पाण्याच्या पेल्यात टाकली. पाच मिनिटांत पेल्यात ताक. गोळी टिकायला पिठात कापूस पिंजून घालतात, असं काकांनीच सांगितलं होतं. घरात कापूस एकाच ठिकाणी होता, देवघरात.

"अरे, वातींचा कापूस माशांना?" आई कडाडली. मग थोडं थांबून, "किती हवाय?"

रविवारी नदीवर कळलं की खाली एक सोसायटीच आहे. तळमजल्यावर मृगळ, मधे रोहू, वरच्या मजल्यावर कटला. माझी गोळी यांपैकी कुणाच्याही दारापर्यंत पोचत नव्हती. जिन्यातच चिलापीची पोरं ती कुरतडून संपवत होती. दुपारपर्यंत चौदा गोळ्या गेल्या आणि तळहाताएवढी एक चिलापी मिळाली, तीही शेजारी बसलेल्या काकांना. त्यांच्या गळाला गांडूळ होतं.

उरलेला गोळा घरी आणला. बायकोने तो अंगठ्याने दाबून पाहिला, पुन्हा दाबला. "मऊ झालीय हो चांगली," ती म्हणाली. तिच्या आवाजात कौतुक होतं, म्हणून मी बेसावध राहिलो.

सोमवारी सकाळी चहाच्या कपाशेजारी परात होती. त्यात चाळलेलं पीठ आणि बाजूला पाण्याचा तांब्या.

"चार जणांचं आहे," बायको आतून म्हणाली. "कापूस घालू नका."