‘कायोटीसाठी फक्त .२२-२५०’ या सल्ल्याचा प्रतिवाद

अमेरिकेत कायोटीच्या शिकारीची चौकशी करणाऱ्या नवख्याला एक सल्ला हमखास मिळतो. बंदुकीच्या दुकानात मिळतो, व्हिडिओंत मिळतो, आणि इथे राहणारी आपली मराठी मंडळीही तो आता जसाच्या तसा एकमेकांना पाठवू लागली आहेत. सल्ला साधारण असा: “.२२-२५० घ्या आणि विषय संपवा. सगळ्यात वेगवान काडतूस, त्यामुळे वारा लागत नाही. गोळी इतकी सपाट जाते की चारशे यार्डांपर्यंत पाठीच्या रेषेवर धरा आणि घोडा दाबा. .२२३ अपुरी पडते, .२४३ कातडं फाडते. जवळ असो वा लांब, हीच रायफल पुरते. बजेट कमी असेल तर .१७ एचएमआर घ्या, दोनशे यार्डांपर्यंत तीही पाडते.”

(.२२-२५०, .२२३, .२४३ आणि .१७ एचएमआर ही रायफलीच्या काडतुसांची नावं, त्यांच्या रायफलींनाही तीच नावं चालतात.) यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य अर्धवट खरं आहे, आणि उरलेल्या अर्ध्याची किंमत जनावराला मोजावी लागते. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी जनावराबद्दल थोडं. कायोटी आपल्या कोल्ह्याहून मोठा आणि लांडग्याहून बराच लहान. पश्चिमेकडच्या मैदानांत दहा ते पंधरा किलोंचा, पूर्वेकडच्या राज्यांत त्याहून भारी. कोकरं आणि नुकती जन्मलेली वासरं नेतो, म्हणून टेक्साससारख्या राज्यात त्याच्या शिकारीला बंद हंगामच नाही. भारतात कोल्ह्याची शिकार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, तेव्हा पुढचं सगळं फक्त अमेरिकेपुरतं आहे.

“सगळ्यात वेगवान.” नाही. विंचेस्टर कंपनीची .२२० स्विफ्ट १९३५ सालीच ४८ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं बारीक माप) गोळी सेकंदाला ४,११० फुटांनी फेकत होती. २००४ मध्ये आलेली .२०४ रुगर ३२ ग्रेनच्या गोळीला ४,२२५ फुटांचा वेग देते. .२२-२५० ही .२५० सॅव्हेजची पुंगळी तोंडाशी आवळून हौशी लोकांनी घरच्या घरी केलेली. रेमिंग्टननं ती १९६५ मध्ये कारखान्यातून आणली. ५५ ग्रेनच्या गोळीचा तिचा छापील वेग ३,६८० फूट. काडतूस उत्तमच आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

“वेग जास्त, म्हणून वारा लागत नाही.” सगळ्यात जास्त नुकसान या वाक्यानं होतं.

गोळी वाऱ्यानं किती सरकेल हे तिच्या नुसत्या वेगावर ठरत नाही. हवेनं वाटेत तिचा किती वेळ खाल्ला, त्यावर ठरतं. हवाच नसती तर गोळी सुरुवातीच्या वेगानं जितक्या वेळात पोचली असती आणि प्रत्यक्षात जितका वेळ लागला, त्या दोन वेळांतल्या फरकाला वाऱ्याच्या वेगानं गुणा. तेवढी ती बाजूला जाते. म्हणजे आखूड आणि हलकी गोळी कितीही जोरात सुटली तरी हवा तिला लवकर थकवते, आणि वारा तो उशीर वसूल करतो.

आता आकडे बघा. ताशी दहा मैलांचा आडवा वारा धरू, म्हणजे झुडपांची पानं आणि बारीक डहाळ्या एकसारख्या हलत राहतील एवढाच. नेब्रास्का किंवा पश्चिम कॅन्ससच्या माळावर याला कोणी वारा म्हणत नाही. छापील वेगांवरून हिशेब मांडला तर ५५ ग्रेनची व्ही-मॅक्स नावाची हलकी गोळी .२२३ मधून चारशे यार्डांवर साधारण २० इंच सरकते. तीच गोळी .२२-२५० मधून सुमारे १७ इंच. तीनशे यार्डांवर फरक दोनेक इंचांचा. कायोटीचं मर्मस्थान म्हणजे खांद्यामागचं जेमतेम चार-पाच इंचांचं वर्तुळ. सतरा इंच सरकलेली गोळी आणि वीस इंच सरकलेली गोळी, दोन्ही त्या वर्तुळापासून सारख्याच परक्या.

याउलट .२२३ मध्येच ७३ ग्रेनची, ईएलडी मॅच नावाची लांबट गोळी घाला. ती सुटते २,७९० फुटांनी, म्हणजे .२२-२५० पेक्षा जवळजवळ नऊशे फूट हळू. तरी चारशे यार्डांवर ती चौदा-पंधरा इंचच सरकते. ‘अपुरी’ म्हणवली जाणारी .२२३ वाऱ्यात .२२-२५० ला मागे टाकते, आणि ती केवळ गोळी बदलल्यामुळे.

मग .२२-२५० मध्येच जड गोळी का घालत नाहीत? बॅरलच्या पिळामुळे, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या नळीतल्या आतल्या खाचांमुळे. या काडतुसाच्या जुन्या रायफलींचा पीळ १४ इंचांत एक फेरा असा मंद असतो. ५५ ग्रेनची गोळी त्यात स्थिर राहते, सत्तरीच्या पुढची लांब गोळी डगमगते आणि कागदी लक्ष्यात आडवी शिरते. ७३ ग्रेनला आठ इंचांत एक फेरा हवा. हल्ली .२२-२५० च्या काही रायफली जलद पिळाच्या मिळतात, आणि तशी घेतलीत तर वरची तुलना उलटते. पण सल्ला देणारा पिळाचा उल्लेख करत नाही. दुकानात उभे असाल तर काडतुसाच्या नावाआधी बॅरलवर कोरलेला पिळाचा आकडा वाचा.

कॅलिफोर्नियात राहणाऱ्यांनी तर हे नक्कीच बघावं. १ जुलै २०१९ पासून तिथे शिकारीला शिशाची गोळी चालत नाही. तांबं शिशाहून हलकं असल्यामुळे तेवढ्याच वजनाची तांब्याची गोळी लांब होते आणि तिला पीळ जास्त लागतो. मंद पिळाची रायफल असेल तर तिथे हलक्या गोळ्यांवरच भागवावं लागतं, आणि हलकी गोळी म्हणजे पुन्हा वाऱ्याचा तोच त्रास.

“चारशेपर्यंत पाठीवर धरा.” दोनशे यार्डांवर झिरो केलेली, म्हणजे त्या अंतरावर गोळी नेमक्या नेमावर लागेल अशी स्कोप बसवलेली .२२-२५० तीनशेवर पाच इंच आणि चारशेवर पंधरा-सोळा इंच खाली येते. पाठीची रेषा मर्मस्थानापासून चारेक इंच वर. म्हणजे चारशेवर पाठीवर धरलेली गोळी पोटाखालून जाते, नाहीतर पाय मोडते. पाय मोडलेला कायोटी पळतो, हाती लागत नाही आणि कुठेतरी झुडपात दिवसेंदिवस तडफडतो. हिवाळ्यातल्या दाट केसांमुळे जनावर असतं त्याहून थोराड दिसतं, त्यामुळे नेम आणखी चुकतो.

सपाटपणाचा फायदा आहे, पण त्याला हद्द आहे. .२२-२५० अडीचशे यार्डांवर झिरो केली तर वाटेत गोळी दोन इंचांपेक्षा वर जात नाही आणि तीनशेवर अडीच इंच खाली असते. तिथपर्यंत खुशाल छातीच्या मध्यावर धरावं. .२२३ साठी अशी हद्द साधारण अडीचशे यार्ड. त्यापुढे अंतर मोजायचं यंत्र आणि कोणत्या अंतरावर गोळी किती खाली येते याचा आपल्याच रायफलीनं कागदी लक्ष्यावर मारून काढलेला तक्ता, याला दुसरा मार्ग नाही. डब्यावरचा तक्ता कंपनीच्या बॅरलचा असतो. तुमचं बॅरल आखूड असेल तर वेग त्याहून कमी भरतो.

“.२२३ अपुरी.” वरचेच आकडे दुसऱ्या बाजूनं वाचा. .२२-२५० ची ५५ ग्रेनची गोळी शंभर यार्ड गेल्यावर सुमारे ३,२५० फुटांवर येते. .२२३ मधून तीच गोळी सुटतानाच ३,२४० फुटांनी सुटते. म्हणजे जादा दारू, जादा धक्का आणि लवकर झिजणारं बॅरल यांच्या बदल्यात .२२-२५० तुम्हाला शंभर यार्ड देते. तीनशेवर जे .२२-२५० करते तेच दोनशेवर .२२३ करते, आणि तिथे गोळीत साडेसातशे फूट-पाउंडांच्या (गोळीच्या ऊर्जेचं माप) वर ऊर्जा शिल्लक असते. पंधरा किलोंच्या जनावराला ती भरपूर झाली.

आणि सशाची किंकाळी वाजवून बोलावलेला कायोटी बहुतेकदा दीडशे यार्डांच्या आतच येतो. तो सरळ येत नाही, वळसा घालून वाऱ्याच्या खालच्या बाजूला जातो आणि तुमचा वास घेऊ बघतो. तुम्ही तोंडानं ‘वुफ्’ असा आवाज काढला की तो क्षणभर थबकतो. तेवढ्यात गोळी सुटायला हवी आणि पहिली चुकली तर दुसरीही. .२२३ चा धक्का इतका कमी की गोळी लागताना स्कोपमधून दिसते, चुकली तर धूळ कुठे उडाली तेही दिसतं. शिवाय काडतुसं स्वस्त, म्हणून सराव होतो.

“.२४३ कातडं फाडते.” कधीकधी फाडते, आणि जवळून .२२-२५० सुद्धा फाडते. कातडं कमावून विकायचं असेल तर .१७ रेमिंग्टन किंवा .२०४ रुगर घ्या: बारीक गोळी आत शिरून फुटते, पलीकडे भोक पडत नाही. पण मुळात कातड्याला गिऱ्हाईक आहे का ते आधी विचारा. जॅकेटच्या टोपीला कायोटीची झालर लावणाऱ्या कॅनडा गूज कंपनीनं २०२१ मध्ये फर बंद करत असल्याचं जाहीर केलं. या धंद्यातलं ते मोठं गिऱ्हाईक होतं. कोकरं वाचवायची असतील आणि समोर तीनशे यार्डांपुढचा उघडा, वाऱ्याचा माळ असेल, तर .२४३ मध्ये ८७ ग्रेनच्या आसपासची गोळी घालून बसणारा माणूस शहाणा. वारा त्याला कमी छळतो.

“जवळ असो वा लांब, हीच.” दक्षिण टेक्सासच्या काटेरी झाडोऱ्यात कायोटी तीस यार्डांवर अचानक समोर येतो. मोठ्या पॉवरवर ठेवलेल्या स्कोपमध्ये तेव्हा नुसते केस दिसतात. अशा जागी बारा बोअरची शॉटगन (एकदम अनेक छर्रे सोडणारी बंदूक) आणि नंबर ४ बकशॉट, म्हणजे जाड छर्रे, चाळीस यार्डांच्या आत. दोघं बसले तर एकानं शॉटगन घ्यावी आणि वाऱ्याच्या खालच्या बाजूला बसावं.

“.१७ एचएमआर दोनशेपर्यंत.” हे मला सगळ्यात खटकतं, कारण नवखे लोक यावरच पैसे वाचवतात. तिची १७ ग्रेनची गोळी २,५५० फुटांनी सुटते, पण दोनशे यार्डांवर तिच्यात उरतात ७२ फूट-पाउंड. साधी .२२ लाँग रायफल शंभर यार्डांवर याहून जास्त घेऊन पोचते, आणि तिनं कायोटी मारायला जाऊ नये हे तेच सल्लागार सांगतात. खारी आणि प्रेअरी डॉगसाठी (माळावर बिळं करून राहणारा खारीच्या कुळातला प्राणी) ही छान बंदूक आहे. कायोटीवर ती वापरायचीच असेल तर शंभर यार्डांच्या बरंच आत, जनावर उभं, आडवं आणि वारा पडलेला असताना. एरवी घोड्यावरचं बोट बाहेर ठेवा.

.२२-२५० चं खरं क्षेत्र अडीचशे ते साडेतीनशे यार्डांचं. वायोमिंगच्या सेजब्रशच्या (तिकडच्या खुरट्या झुडपांच्या) माळावर पहाटे, वारा उठायच्या आधी, अंतर मोजून बसलेल्याच्या हातात ती अगदी योग्य जागी असते.