आम्ही कोणाची री ओढत नाही

लेखिकाताई, तुमच्या लेखात म्हटलंय, गर्भपाताला विरोध करणाऱ्या बायका पुरुषांचीच री ओढतात. मी गुहागर तालुक्यातली, ३१ वर्षं उपकेंद्रात नर्स होते. मला कोण री ओढायला लावणार हो? आमचे हे अजून मला विचारून बाजारात जातात.

सुरुवातीला आमच्याकडे पोटातल्या बाळाचे ठोके ऐकायचं मशीन नव्हतं. कर्ण्यासारखं छोटं नळकांडं पोटाला टेकवायचं, दुसऱ्या टोकाला कान, पंखा बंद. सहाव्या महिन्यात आत टकटक टकटक, सेकंदकाट्याच्या दुपटीहून जोरात. ते ऐकल्यावर 'पेशींचा गोळा' माझ्या तोंडून निघत नाही.

कायदा ठाऊक आहे. १९७१चा, २०२१मध्ये ठरावीक जणींसाठी २४ आठवड्यांपर्यंत वाढवलेला. आईचा जीव धोक्यात असेल, बलात्कार असेल, तिथे मी वाद घालत नाही. पण २०२३च्या २६ आठवड्यांच्या गर्भाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयातल्या दोन महिला न्यायमूर्तींचंही एकमत झालं नाही. शेवटी मोठ्या पीठाने परवानगी नाकारली. मग मागासलेल्या तेवढ्या आम्हीच?

आणि मुलगी म्हणून पाडलं की लेखिकाताई, तुम्हीही चिडता. योग्यच, लिंगनिदानाविरुद्ध पहिला कायदा १९८८मध्ये आपल्याच राज्याने केला. पण मुलगी आहे हे ठाऊक नसताना पाडलं तर ती निवड? हे मला अजून कोणी नीट समजावलेलं नाही.

बाकी आमच्या बाजूचेही काही कमी नाहीत. शिमग्याला मुंबईहून येऊन ओटीवर संस्कृतीची भाषणं ठोकतात, आणि सातवा लागलेली सून मागच्या दाराने विहिरीवरून कळशी घेऊन येत असते.