‘चाओ’ म्हणणारा कुणाचा गुलाम नसतो

‘चाओ म्हणजे मी तुमचा गुलाम. इटलीत निरोप घेताना कुणालाही म्हणतात. स्वाभिमानी माणसानं हा शब्द टाळावा.’ हा मेसेज महिनाभरात तीन ग्रुपांवर आला. मी इटालियन शिकवते, त्यामुळे गप्प बसवेना.

गुलामाची गोष्ट खोटी नाही, अर्धवट आहे. व्हेनिसच्या बोलीत ‘स्-चाओ’ म्हणजे गुलाम. ‘स्-चाओ वोस्त्रो’, म्हणजे ‘मी आपला दास’, असं म्हणत माणसं एकमेकांना अभिवादन करत. त्यामागचा लॅटिन ‘स्क्लावुस’ हा मुळात स्लाव लोकांसाठीचा शब्द. मध्ययुगात त्यांना पकडून विकत, म्हणून नावाचाच अर्थ ‘गुलाम’ झाला. हा इतिहास क्रूर आहे, तो लपवू नये. पण ‘आपला दास’ हे तेव्हाही सौजन्याचंच बोलणं होतं. रजेच्या अर्जाखाली ‘आपला आज्ञाधारक विद्यार्थी’ लिहिताना आपला स्वाभिमान गेला, असं कुणाला वाटलं? ऑस्ट्रियात आणि बव्हेरियात मित्र एकमेकांना ‘झेर्वुस’ म्हणतात, तोही लॅटिनमधला सेवकच.

‘कुणालाही म्हणतात’ हे मात्र साफ चूक, आणि तेच जास्त नडतं, कारण लोक यावर विसंबून तिकडे जातात. आपल्या ‘तू’ आणि ‘तुम्ही’सारखे इटालियनमध्ये ‘तू’ आणि ‘लेई’ आहेत. ‘चाओ’ हा ‘तू’च्या घरातला: मित्र, भावंडं, लहान मुलं. बेकरीच्या काउंटरमागच्या अनोळखी आजींना ‘बोनजोर्नो’ म्हणायचं, संध्याकाळी ‘बोनासेरा’. त्यांना ‘चाओ’ म्हणणं म्हणजे आपल्याकडे दुकानात शिरून आजींना ‘काय गं, कशी आहेस?’ विचारणं. तू की तुम्ही हे ठरत नसेल, तर ‘साल्वे’ आहे. माझ्या वर्गात हे पहिल्याच तासाला येतं, ‘चाओ’चा अर्थ सांगायच्याही आधी.

आणि तो फक्त निरोपाचा नाही. दारात भेटताना ‘चाओ’, निघतानाही ‘चाओ’. फोन उचलताना मात्र ‘प्रोंतो’, आणि ठेवताना ‘चाओ, चाओ, चाओ, चाओ’, रिसीव्हर कानापासून लांब जाईपर्यंत.

म्हणताना च ‘चार’मधला घ्या, ‘चाक’मधला नको.