ठाण्याचा उकाडा ध्रुवावरून येत नाही

ठाण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय. सौरवादळात ध्रुवांवरच्या आकाशात प्लाझ्मा (विद्युतभारित वायू) लहरींमुळे आयन, म्हणजे विद्युतभारित अणू, 10 लाख अंशांपर्यंत तापतात, ती उष्णता खाली उतरते, म्हणून उकाडा वाढलाय. हे सगळं अलास्कातलं ‘हार्प’, म्हणजे रेडिओ लहरी सोडून वरच्या वातावरणाचा अभ्यास करणारं केंद्र, मुद्दाम घडवतं. शिवाय रात्री साडेबारा ते साडेतीन मोबाइल बंद ठेवा.

गंमत म्हणजे 10 लाखांचा आकडा खोटा नाही. ध्रुवीय प्रकाशाच्या पट्ट्यात, काहीशे ते काही हजार किलोमीटर उंचीवर, ऑक्सिजनचे आयन चुंबकीय रेषांभोवती गिरक्या घेत असतात. विद्युत लहरीची लय त्या गिरकीशी जुळली की दर फेरीला थोडी ऊर्जा मिळत जाते. ती 100 इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंत (कणांची ऊर्जा मोजायचं एकक) गेली की झाले 10 लाख अंश. पण तिथे घनसेंटीमीटरमागे आयन असतात काही हजार. तलावपाळीवर तेवढ्याच जागेत हवेचे अडीच लाख कोटी कोटी रेणू असतात. एवढ्या विरळ आयनांनी तापवायचं कुणाला?

बरं, हे आयन खाली येतच नाहीत. गिरकीचा जोर वाढला की चुंबकीय क्षेत्र त्यांना क्षीण क्षेत्राकडे ढकलतं, आणि क्षीण क्षेत्र असतं वर. पृथ्वीची ओढ तोडायला ऑक्सिजनला साधारण 10 इलेक्ट्रॉन-व्होल्ट पुरतात. 1992 च्या फ्रेया आणि 1996 च्या फास्ट या उपग्रहांनी वर निघालेले असे आयन मोजलेत. फॉरवर्डवाल्याने दिशाच उलटी केलीय.

सौरवादळात वरची हवा तापते, हे मात्र खरं. 100 ते 150 किलोमीटरवरच्या विद्युतप्रवाहांनी ती तापून फुगते. फेब्रुवारी 2022 मध्ये स्टारलिंकचे 40 च्या आसपास नवे उपग्रह त्या फुगलेल्या हवेच्या अडथळ्यामुळेच पडले. आपलं ऊन, ढग, दमट वारा यांचा कारभार तळाच्या पंधरा-सोळा किलोमीटरांत चालतो.

‘हार्प’ची ताकद 3.6 मेगावॅट. मोठ्या वादळात ध्रुवीय पट्ट्यावर ओतली जाणारी शक्ती 100 गिगावॅटच्या, म्हणजे एक लाख मेगावॅटच्या पुढे जाते. मोबाइलचं काय बोलायचं? त्या वेळा कुठून आल्या, हे फॉरवर्डही सांगत नाही.

आपल्याकडे वादळ पोहोचतं ते चुंबकीय चढउतार म्हणून. नवीन पनवेलच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेची अलिबागची वेधशाळा 1904 पासून ते नोंदवतेय. मे 2024 च्या वादळात विषुववृत्ताजवळचं चुंबकीय क्षेत्र सुमारे 400 नॅनोटेस्लाने घसरलं, म्हणजे एक टक्क्याच्या आसपास. त्याने घाम येत नाही.