एसटी सुटते, वडाप भरतं

जून 2024 मधली गोष्ट. सोमवारी संध्याकाळी सांगलीतल्या आमच्या कट्ट्यावर पोचलो तर अण्णा हजर! चार जूनला लोकसभेचा निकाल लागला, त्या दुपारपासून गडी गायब होता. पित्त झालं होतं म्हणाले.

"2019 ला भाजपच्या 303 ला साखर वाटत फिरला होतास, आता 240 ला पित्त झालं," तात्या म्हणाले. "सोलकढी पी लका."

मार्चमध्ये याच कट्ट्यावर अण्णांनी मांडीवर थाप मारून सांगितलं होतं, साडेतीनशेच्या खाली आलो तर सगळ्यांना मिसळ. बाळूने त्याचा व्हिडिओ काढून ठेवलाय. विषय तिकडे वळतोय हे दिसताच अण्णांनी पाकिस्तानच्या मॅचचं काढलं. 119 काढून सहा रनांनी जिंकलो, म्हणजे आकडा छोटा असला तरी चालतो, असा त्यांचा मुद्दा होता.

"चालतो की," तात्या म्हणाले. "फक्त बुमराह आपला लागतो. नायडू-नितीशच्या हातात बॉल देऊन बघ."

मॅच आणि नव्या केंद्र सरकारचा शपथविधी एकाच संध्याकाळी, त्यामुळे निम्मे मंत्री कट्ट्याला ठाऊकच नव्हते. बाळू मोबाइलवर यादी वाचत होता. मध्येच थांबला.

"बिहारच्या मांझींच्या पक्षाचा एक खासदार, कॅबिनेट. कर्नाटकच्या कुमारस्वामींचे दोन, कॅबिनेट. आपल्या शिंदेसाहेबांचे सात आणि मिळालं काय, तर एक राज्यमंत्रिपद. हे कुठलं गणित?"

"त्यातही काहीतरी मास्टरस्ट्रोक असणार," अण्णा म्हणाले. गेल्या पावसाळ्यात गल्लीतलं गटार तुंबलं होतं तेव्हाही ते हेच म्हणाले होते.

तात्यांनी चहाचा कप खाली ठेवला. चौतीस वर्षं एसटीत कंडक्टर होते. कप खाली ठेवला म्हणजे आता घंटी वाजणार.

"बाळ्या, एसटी आणि वडाप, म्हणजे माणसं भरून नेणारी खासगी जीप, यात फरक काय?"

"एसटीत सुट्टे पैसे मिळत नाहीत."

"गप. एसटी वेळ झाली की सुटते. आत चार माणसं असली तरी सुटते, कुणाला विचारत नाही. दहा वर्षं मोदींचं सरकार एसटी होतं. आता वडाप झालंय. भरल्याशिवाय हलत नाही. आणि वडापवाला कुणाची पिशवी उचलतो? आत बसलेल्याची नव्हे. जो पलीकडच्या जीपकडं बघतोय त्याची!"

"मग मांझी? एकटा माणूस कुठं जाणार?"

"बिहारची निवडणूक पुढच्या वर्षी. त्या रस्त्यावर पॅसेंजर एकेक करून गोळा करावे लागतात. शिंद्यांचं वेगळं आहे. त्यांनी 2022 लाच पुढची सीट घेतली, मुख्यमंत्री झाले. एकदा पुढं बसल्यावर परत खिडकी मागायची नसते."

"आणि अजितदादा?"

"एक खासदार. राज्यमंत्री व्हा म्हटलं, तर प्रफुल्लभाई आधी कॅबिनेटला होते म्हणून नाही म्हटले. फूटबोर्डावर उभा राहीन पण मागच्या बाकड्यावर बसणार नाही. असे पॅसेंजर मी लई बघितलेत. पुढच्या थांब्यावर गुपचूप बसतात."

इथे गुरुजींचा घसा खाकरला आणि मला कळलं, आता 1978. गुरुजी कुठूनही 1978 ला पोचतात. गेल्या महिन्यात हापूसच्या भावावरून पोचले होते.

"विधानसभेचा निकाल लागला. जनता पक्ष 99, काँग्रेस फुटून झालेली आमची रेड्डी काँग्रेस 69, इंदिरा काँग्रेस 62. कुणालाच बहुमत नाही. निवडणुकीत एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या दोन्ही काँग्रेस एका ताटात बसल्या. आमचे वसंतदादा मुख्यमंत्री, इंदिरा काँग्रेसचे तिरपुडे उपमुख्यमंत्री. कसं चाललं होतं सरकार! आणि जुलैमध्ये पाठीत..."

"खंजीर!" आम्ही सगळे एका सुरात. चहावाल्याच्या पोरानंही साथ दिली.

"हसा. दादांचं सरकार पाडून शरद पवार अडतिसाव्या वर्षी मुख्यमंत्री झाला म्हणून कौतुक करता त्याचं."

"गुरुजी, खंजीर राहू दे," तात्या म्हणाले. "एका गाडीला दोन कंडक्टर दिले होते आणि तिरपुडे रोज आपल्याच गाडीवर दगड मारत होते. पवारांनी फक्त घंटी वाजवली."

गुरुजी दोन मिनिटं बोलले नाहीत. वसंतदादांच्या बाबतीत सांगलीत एवढं बोलायलासुद्धा छाती लागते. तात्यांचं आजोळ पवारांना मानणारं तासगाव, म्हणून निभावतं.

अण्णांना वाटलं, हीच वेळ. "आघाडीधर्म, आघाडीधर्म म्हणून तुम्ही गळा काढता. सांगलीत काय केलंत? जागा ठाकऱ्यांना सुटली, त्यांनी पैलवान उभा केला आणि तुम्ही सगळ्या काँग्रेसवाल्यांनी जाऊन बंडखोर विशाल पाटलांच्या लिफाफ्यावर शिक्के मारले. मित्रपक्षाचं डिपॉझिट घालवलंत. हे कुठलं वडाप?"

पटलं. म्हणजे मला तरी पटलं. दोन महिन्यांत अण्णा पहिल्यांदाच काहीतरी बरोबर बोलत होते. (शिक्के सोडून. मशीन येऊन वीस वर्षं झाली.)

"आम्हाला न विचारता आमची सीट दुसऱ्याला दिली," गुरुजी उसळले. "आणि शेवटी विशाल गेला ना काँग्रेसकडंच! 99 चे 100 कुणी केले? सांगलीनं!"

"म्हणजे बंडखोरी केली की शंभरावा नंबर मिळतो. छान शिकवलंत शाळेत."

तात्या हसत होते, पण उत्तर त्यांच्याकडंही नव्हतं. त्यांनी रूळ बदलला. "बाळ्या, तुझा जन्म कधीचा?"

"2000."

"मग तुला ठाऊक नाही. 1999 चा एप्रिल. जयललितांनी पाठिंबा काढला आणि वाजपेयींचं सरकार एका मतानं पडलं. 269 विरुद्ध 270. ते काँग्रेसचे गमांग ओडिशाचे मुख्यमंत्री झाले होते, पण खासदारकी सोडली नव्हती, येऊन मत टाकून गेले. टाकू द्यायचं की नाही हे शेवटी कुणाच्या हातात होतं? लोकसभेच्या अध्यक्षाच्या. अध्यक्ष कोण होते? बालयोगी. पक्ष कुठला? चंद्राबाबूंचा. आता त्या खुर्चीवर सगळ्यांचा डोळा का आहे, कळलं?"

"एका मतानं?" बाळू खरोखर हादरला होता. त्याने मतदानाच्या दिवशी गोवा केला होता.

"1991 ला चंद्रशेखरांचं सरकार तर त्याहून सोपं पडलं. राजीव गांधींच्या घराबाहेर हरियाणाचे दोन पोलीस दिसले, एवढ्यावर बाहेरून पाठिंबा देणारी काँग्रेस फिरली. वडापात बाहेर लोंबकळणारा पॅसेंजर कशावरूनही रुसतो."

"आमचं तसं होणार नाही," अण्णा म्हणाले. "293 आहेत."

"एनडीएचे. तू मिसळीची पैज कुणावर लावली होतीस?"

"एनडीएवरच."

बाळूने व्हिडिओ लावला. मोबाइलमधले अण्णा भाजप, भाजप, भाजप असं तीनदा ओरडले. तरी 293 सुद्धा साडेतीनशेच्या खालीच येतात, हे हिशोबाच्या नादात आमच्याही उशिरा लक्षात आलं.

मग वाटाघाटी. अण्णा भेळीवर यायला तयार होते, गुरुजींना मिसळीशिवाय मान्य नव्हतं, बाळूला कट वेगळा हवा होता, आणि तात्यांनी किमान समान कार्यक्रम म्हणून आजच्या चहाचं बिल अण्णांनी द्यावं असं सुचवलं. सात कटिंग आणि गुरुजींचा बिनसाखरेचा.

तेवढ्यात थेंब पडायला लागले. अण्णांनी स्कूटरला किक मारली.

"चहाला माझा बाहेरून पाठिंबा आहे!" म्हणाले आणि सुटले.

"बघा," गुरुजी छत्री उघडत म्हणाले, "पुन्हा पाठीत..."

बिल मी दिलं.