अबेबे बिकिलाकडे बुटाला पैसे नव्हते? बास करा आता हे फॉरवर्ड

परत तो मेसेज फिरतोय. इथिओपियाचा गरीब मेंढपाळ अबेबे बिकिला, बूट घ्यायला पैसे नाहीत, ऐनवेळी टीममध्ये घुसवलेला, तरी १९६० ला रोममध्ये अनवाणी धावून मॅरेथॉनचं गोल्ड, पुढे अपंग झाल्यावर पॅरालिम्पिकचंही गोल्ड. आणि खाली ठळक अक्षरात, "बूट म्हणजे कंपन्यांची लूट, आजच फेकून द्या". माझी भाची पोलीस भरतीची तयारी करतेय, तिने हे वाचून डांबरी रस्त्यावर अनवाणी रनिंग सुरू केलं आणि आता दोन्ही तळपायांना फोड घेऊन घरात बसलीये. म्हणून एकदा नीट लिहितो.

पैसे नव्हते हे साफ खोटं. मेंढपाळाच्या घरचा होता हे ठीक, पण तेव्हा तो सम्राट हैले सेलासीच्या इम्पिरियल गार्डमध्ये नोकरीला होता. रोममध्ये नवे बूट मिळालेले, ते चावायला लागले, फोड यायला लागले, आणि सराव अनवाणी झालेलाच होता म्हणून तसंच धावायचं ठरलं. बस, एवढीच गोष्ट आहे.

आता अनवाणी धावला हे खरंच आहे, आणि तेही रोमच्या जुन्या दगडी आप्पियन रस्त्यावरून रात्रीच्या अंधारात, तेवढं मी मान्य करतो. पण ते वर्षानुवर्षं तयार झालेले पाय होते. आपण जन्मभर चपला-बूट घालणारे, एका मेसेजवर उद्या सकाळी बूट काढून पळायला लागलो तर फोडांवर भागलं तर नशीब, पायाच्या हाडाला बारीक फ्रॅक्चरसुद्धा होतं.

आणि अनवाणी धावणंच भारी असतं तर टोकियोचं काय? २१ ऑक्टोबर १९६४ चं फुटेज शोधून बघा, बिकिलाच्या पायात बूट आहेत, पुमाचे. रोमला वेळ २:१५:१६, टोकियोला २:१२:११. म्हणजे बूट घालून तीन मिनिटं कमी, तेही अपेंडिक्सच्या ऑपरेशनला दीड महिनाही झालेला नसताना! फिनिशनंतर बाकीचे आडवे पडत होते आणि हा गवतावर व्यायाम करत होता. ऑलिम्पिक मॅरेथॉन दोनदा जिंकणारा पहिला माणूस तो, आणि मेसेजमध्ये टोकियोचं नावच नाही. कसं असेल, बुटांचा मुद्दाच निकालात निघतो ना.

ऐनवेळी घुसवला म्हणे. अहो, रोमच्या आधी इथिओपियाच्या उंचावरच्या राजधानीत, अदिस अबाबात, त्याने २ तास २१ मिनिटांत मॅरेथॉन मारली होती, चेकोस्लोव्हाकियाच्या झाटोपेकचा ऑलिम्पिक मॅरेथॉन रेकॉर्ड २:२३ चा होता. ओन्नी निस्कानेन हा स्वीडिश कोच त्याच्यावर मेहनत घेत होता. रोमचा शेवटचा जोर कुठे लावायचा तेही आधीच ठरलेलं, इटलीचा हुकूमशहा मुसोलिनी याच्या सैन्याने इथिओपियातून पळवून रोममध्ये आणलेल्या अक्सुमच्या प्राचीन स्तंभापाशी. तिथून तो सुटला आणि मोरोक्कोच्या राधीला २५ सेकंदांनी मागे टाकलं. लुटणाऱ्याच्या राजधानीत, लुटलेल्या स्तंभासमोर! एवढी जबरदस्त खरी गोष्ट सोडून लोक बुटाचं रडगाणं पाठवतात, याचाच जास्त राग येतो.

पॅरालिम्पिक गोल्ड नाही. १९६९ मध्ये कार अपघातात कमरेखाली लुळा पडला, त्यानंतर इंग्लंडमध्ये अपंगांसाठीच्या स्टोक मँडेव्हिल स्पर्धेत तिरंदाजी आणि टेबल टेनिस खेळला, नॉर्वेत स्लेजची (बर्फावरच्या घसरगाडीची) शर्यत जिंकली, आणि १९७३ मध्ये ४१ व्या वर्षी गेला.

ज्यांनी ज्यांनी पुढे ढकललंय त्यांनी निदान ती बुटांची शेवटची ओळ तरी काढा. भरतीची पोरं-पोरी वाचतात हे, आणि खरं मानून रस्त्यावर उतरतात.