तिसरी, म्हणजे दोन नंबरची

आमच्या पुस्तकांच्या कपाटावर एक काळा डबा आहे. त्याला नॅस म्हणतात, म्हणजे घरातल्या नेटवर्कला जोडलेलं साठवणीचं कपाट. त्यात प्रत्येकी चार टीबीच्या (टेराबाइटच्या) चार हार्ड डिस्क शेजारी शेजारी उभ्या असतात. घरातले फोटो, व्हिडिओ, कागदपत्रांचे स्कॅन, मुलीच्या बोबड्या बोलांची रेकॉर्डिंग आणि मी आजवर न उघडलेली साडेतीनशे पीडीएफ पुस्तकं, या सगळ्यांचा त्या सांभाळ करतात. करत होत्या.

डबा घरी आला त्या दिवशी मी सगळ्यांना बसवून व्याख्यान दिलं होतं. कारण बायकोने हिशोब मांडला, "चार चोक सोळा. मग इथे बाराच का दिसतायत? चार कोणी खाल्ले?" मी म्हटलं, यालाच रेड 5 म्हणतात: एका डिस्कइतकी जागा हिशोबासाठी राखायची, म्हणजे एखादी गेली तरी उरलेल्या तिघींवरून तिचं सगळं परत काढता येतं. समजा आपण चौघं एका खोलीत बसलोय आणि प्रत्येकाने तळहातावर एक किंवा शून्य लिहिलंय. नियम इतकाच, की चौघांच्या हातावरचे एक मोजले तर ते सम भरले पाहिजेत. आता मी उठून गेलो, तर उरलेल्या तिघांनी आपापले हात बघायचे, एक मोजायचे आणि माझ्या हातावर काय होतं ते सांगायचं.

आई म्हणाली, "त्याला हात कशाला बघायला हवेत? तू काय म्हणणार ते तू नसलास तरी आम्हाला ठाऊक असतं."

मी म्हटलं, "अगदी बरोबर. यालाच पॅरिटी म्हणतात."

"आणि दोघं उठून गेले तर?" मुलीने विचारलं.

"दोघं एकदम कशाला जातील?" असं म्हणून मी व्याख्यान आवरतं घेतलं. जगात शहाणा प्रश्न नेहमी सभा संपताना येतो आणि वक्त्याला तेव्हाच घाई असते.

ही कल्पना तशी जुनी. 1988 साली बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनी एका शोधनिबंधात रेड (इंग्रजीत RAID) हे नाव वापरलं. एका महागड्या मोठ्या डिस्कऐवजी पुष्कळशा स्वस्त डिस्क एकत्र जुंपायच्या, म्हणून त्यातला आय हा 'इनएक्स्पेन्सिव्ह'चा. पुढे हा माल विकणाऱ्यांना 'स्वस्त' हा शब्द अडचणीचा वाटला असणार, कारण त्या आयचा अर्थ हळूच 'इंडिपेंडंट' झाला. आमच्या चौघी डिस्कांनी हे स्वातंत्र्य फारच मनावर घेतलं.

झालं असं, की एका रात्री अडीच वाजता डबा ओरडायला लागला. दर दोन सेकंदांनी टीट. मी अंधारात लॅपटॉप उघडला. डब्याच्या पानावर काहीतरी लाल दिसत होतं आणि त्या लालच्या शेजारी एक बटण होतं, 'बीप बंद करा'. रात्री अडीच वाजता माणसाला इतकं नेमकं हवं ते देणारं बटण मी दुसरं पाहिलेलं नाही. ते दाबलं आणि झोपलो. सकाळी उठल्यावर ते स्वप्न होतं की काय, एवढाही प्रश्न मला पडला नाही. डबा बिचारा ईमेलही पाठवत होता, पण ज्या पत्त्यावर पाठवत होता त्याचा पासवर्ड मी कधीच विसरलोय.

पुढे दोन महिने डबा तीन डिस्कांवर चालला. व्याख्यानात सांगितलं होतं तस्साच. आणि नेमक्या याच दोन महिन्यांत मला घर आवरावं तसा डबा आवरायची हुक्की आली. आधी त्यात 'विविध', 'विविध 2', 'विविध नवीन' आणि 'विविध नवीन खरं' अशी चार फोल्डरं होती. मी सगळं उपसून वर्षवार, महिनावार नीट लावलं. आयुष्यात पहिल्यांदा लावलं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग एकदा फोटो उघडायला फार वेळ लागतोय म्हणून मी शहाण्यासारखा आत डोकावलो. डब्याच्या पोटात लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम असते आणि ते चौघींची हजेरी एका ओळीत सांगतं. जी हजर तिच्या नावाने यू, जी गैरहजर तिच्या जागी रेघ. तिथे लिहिलं होतं: यू, यू, रेघ, यू. लॉगमध्ये, म्हणजे डब्याच्या नोंदवहीत, खुलासाही होता, डिव्हाइस 2 बाद. ठीक आहे, एक गेली, तीन आहेत, याच दिवसासाठी तर हा खटाटोप. नवी डिस्क मागवली, ती आली. डब्याच्या खणांवर 1, 2, 3, 4 असे आकडे कोरलेले आहेत. मी 2 आकड्याचा खण ओढला.

आवाज अजून कानात आहे. फिरत असलेली डिस्क अचानक बाहेर आली की ती हातात थरथरते, भोवऱ्यासारखी, आणि तिचा सूर खाली खाली उतरत जातो. मी स्क्रीनकडे पाहिलं. यू, रेघ, रेघ, यू.

लिनक्स शून्यापासून मोजतं. त्याची दोन नंबरची म्हणजे खणातली तिसरी. हे मला माहीत नव्हतं असं म्हणायचीही सोय नाही, कारण मी पोटापाण्यासाठी प्रोग्रामिंगच करतो आणि 'मोजणी शून्यापासून करायची' हे दर वर्षी नव्या पोरांना डोळे वटारून सांगतो. मी आजारी डिस्क सोडून धडधाकट डिस्क उपटली होती. आणि त्या दचक्यात ती टेबलाच्या कडेवर आपटली. डिस्कचं डोकं, म्हणजे वाचणारं हेड, तबकडीपासून काही नॅनोमीटर वर तरंगत असतं, केसाच्या जाडीच्या हजारो पटींनी कमी अंतरावर. तिथे टेबलाची कड म्हणजे भूकंपच. परत खणात बसवली तर ती कट्, कट्, कट्, थोडं थांबून पुन्हा कट्, कट् असं करायला लागली. तो आवाज ज्याने ऐकलाय त्याला वर्णन नको आणि ज्याने ऐकला नाही त्याला तो कधी ऐकू न येवो.

या टप्प्यावर करायची योग्य गोष्ट एकच होती: डबा बंद करणे आणि जाणत्याला फोन करणे. ती मी तिसऱ्या दिवशी केली.

मधल्या दोन दिवसांत काय केलं ते सांगतो. प्रत्येक डिस्क स्वतःपाशी एक छोटी डायरी ठेवते: गटात मी कितवी, बाकीच्या कोण, कोण हजर, आतापर्यंत किती नोंदी झाल्या. मी चौघींच्या डायऱ्या काढून वाचायला बसलो. पहिली आणि चौथी म्हणत होत्या, दोघी गेल्या. आपटलेलीने तर डायरी उघडूनच दिली नाही. आणि दोन महिन्यांपूर्वी बाद झालेली ती तिसरी? तिच्या डायरीत लिहिलं होतं: ए, ए, ए, ए. सगळ्या हजर, सगळं छान! तिला बाहेर काढल्यावर पुढचं काही कळवायला तिच्याकडे कोणी गेलंच नव्हतं. जत्रेत हरवलेल्याला आपण सोडून बाकी सगळे हरवलेत असं वाटतं ना, तशातला प्रकार. गंमत म्हणजे ती बिघडलेलीही नव्हती. एक अवघड सेक्टर, म्हणजे तबकडीवरचा छोटासा कप्पा, वाचायला तिने जरा जास्त वेळ घेतला, तेवढ्यात डब्याचा धीर सुटला आणि त्याने तिला मेलेली ठरवलं. घरगुती डिस्कांच्या बाबतीत असं सर्रास होतं.

संकटात माणूस चांगली बातमी देणाऱ्यावर विश्वास ठेवतो. मी पहिली, चौथी आणि ही आशावादी तिसरी अशा तिघींची बळजबरीने मोट बांधली. त्या कमांडमध्ये 'फोर्स' हा शब्द स्वतः टाइप करावा लागतो. तेव्हाच कळायला हवं होतं. ॲरे, म्हणजे डिस्कांचा गट, उभा राहिला, पण कुठली फाइल कुठे आहे याचा हिशोब ठेवणारी फाइल सिस्टीम म्हणाली माझी प्रकृती बरी नाही, तपासा. तपासणारी आज्ञा दर दोषाला विचारते, दुरुस्त करू? असे शंभर प्रश्न झाल्यावर मी कंटाळलो आणि सगळ्यांना आपोआप 'हो' म्हणणारा पर्याय लावला. हो, हो, हो, हो. स्क्रीनवरून ओळी धबधब्यासारख्या पडत होत्या आणि मला वाटत होतं, केवढी दुरुस्ती चाललीय! संपल्यावर पाहिलं तर माझी वर्षवार, महिनावार फोल्डरं गायब. उरलं होतं फक्त 'लॉस्ट अँड फाउंड' नावाचं एक फोल्डर आणि त्यात नाव नसलेली, नुसते आकडे लावलेली पिल्लावळ.

तेव्हा भाच्याला फोन केला. तो याच कामात आहे. मी सगळं सांगेपर्यंत तो मधे एक शब्द बोलला नाही.

"मामा," शेवटी तो म्हणाला, "तू ते 'हो हो' ओरिजिनल डिस्कांवर केलंस?"

"मग कशावर करणार?"

"कॉपीवर!" तो ज्या स्वरात हे म्हणाला, तो स्वर मी त्याच्या आईकडून लहानपणी ऐकलेला आहे. "कट् कट् वाजणारी लॅबमध्ये उघडता आली असती. आता बाकीच्या दोघींवरचंच बदललंयस, तर तिचा काय उपयोग? अजून कोणी काही सल्ला दिलाय?"

ऑफिसातल्या एकाने डिस्क फ्रीजरमध्ये ठेवायला सांगितली होती. हेही मी सांगून टाकलं. पलीकडून बराच वेळ नुसता श्वास ऐकू आला. मग त्याने विचारलं की फ्रीजरमधून बाहेर काढल्यावर कोणत्याही थंड वस्तूवर काय जमतं. मी म्हटलं, पाणी. तो म्हणाला, "शाब्बास."

मग कामाला लागलो. आधी मोठी डिस्क आणून तिघींच्या जशाच्या तशा प्रती काढल्या. त्यासाठी डीडीरेस्क्यू नावाचं साधन आहे. परीक्षेला बसलेल्या हुशार मुलासारखं ते चालतं: सोपे प्रश्न आधी सोडवून टाकायचे, अवघड दिसला की पान उलटायचं, आणि सगळा पेपर झाला की अडलेल्यांकडे परत येऊन डोकं आपटायचं. एका डिस्कला सात-आठ तास लागले. चौथीचे मात्र 99.99 टक्के एका रात्रीत झाले आणि उरलेल्या चिमूटभरासाठी ते दोन दिवस झगडत राहिलं. मी चहाड्या ऐकायला बसावं तसा त्या आकड्यासमोर बसून होतो.

भाच्याने धीर दिला तो असा: "जुनी तिसरी दोन महिने मागे आहे, पण तुझे फोटो या दोन महिन्यांत बदललेले नाहीत. घरं जागेवर आहेत, मामा. फक्त पाट्या उडाल्यात. तू काही आवराआवर वगैरे नव्हती ना केलीस मधे?"

मी गप्प.

पाट्या नसलेली घरं शोधायला फोटोरेक नावाचं साधन वापरतात. ते फाइलचं नाव, फोल्डर असल्या गोष्टींकडे बघतसुद्धा नाही. सरळ सेक्टरमागून सेक्टर वाचत जातं आणि ओळखीचा चेहरा शोधतं. जेपेग फोटो नेहमी एफएफ, डी8, एफएफ या तीन बाइटांनी सुरू होतो. ते दिसले की पकडलाच. नाव काय ठेवतं? एफ, आणि पुढे सेक्टरचा आकडा. पाचशे फाइली झाल्या की नवं फोल्डर. रात्रभर चालून त्याने माझ्या पुढ्यात 277 फोल्डरं आणि 1,38,412 फाइली ठेवल्या.

इतकं आमच्याकडे होतं कुठे? बघितलं तर निम्म्याहून जास्त म्हणजे डब्याने स्वतःच्या सोयीसाठी केलेल्या, टिकलीएवढ्या छोट्या प्रतिमा. बाकी, मी पूर्वी मुद्दाम पुसलेलं बरंच काही, ज्यात माझा एक नृत्याचा व्हिडिओही होता. तो नेमका मुलीने उघडला. काही फोटो अर्धेच: वर हसरे चेहरे, कमरेखाली सगळे करडे. ज्या फाइली तुकड्यातुकड्यांनी लिहिल्या गेल्या होत्या त्यांची ही गत. सर्वांत सुखरूप, पानाचा कोपराही न दुमडता परत आली ती डब्याची माहितीपुस्तिका. सात प्रती. पान 4 वर चौकटीत लिहिलंय, रेड म्हणजे बॅकअप नव्हे. सातही प्रतींत लिहिलंय.

मग रोज रात्री तासभर फोटो लावायचा कार्यक्रम सुरू झाला. फोटोच्या आत तारीख दडलेली असते, तिच्यावरून बरेचसे वर्षवार लागले. पण जुन्या कॅमेऱ्याचं घड्याळ मी कधी लावलंच नव्हतं, त्यामुळे त्याचे सगळे फोटो एकाच सालच्या एक जानेवारीचे. त्या एका दिवसात मुलगी जन्मते, रांगते आणि शाळेत जाते. तिथे पॅरिटी लागली. आई चेहरा बघून माणूस सांगायची. बायको मागचा पडदा बघून घर आणि साल सांगायची. मुलगी स्वतःच्या पडलेल्या दातांवरून महिना काढायची. माझ्याकडून कोणी काही अपेक्षा ठेवली नव्हती, कारण मी बहुतेक वेळा कॅमेऱ्याच्या मागे होतो आणि मला काहीच आठवत नव्हतं. चौघांत एक बाद होता, तरी काम अडलं नाही.

दहाएक हजार फोटो अजून 'विविध' या फोल्डरमध्ये आहेत.

गेल्या रविवारी नव्या डिस्क बसवल्या. शेजारी वेगळी, बाहेरची एक डिस्क बॅकअपसाठी, आणि तिची जोडीदारीण भाच्याच्या घरी. डबा ठेव तुझ्याकडे, निदान प्रत तरी माझ्याकडे ठेव, असं तो म्हणाला. बीपचा आवाज सर्वांत मोठा ठेवलाय आणि ईमेल आता बायकोच्या पत्त्यावर जातो.

खणात बसवण्याआधी प्रत्येक डिस्कवर नंबर चिकटवायचं काम मुलीने मागून घेतलं. रंगीत कागदाचे गोल कापून तिने 1, 2, 3, 4 लिहिले, चिकटवले आणि अंगठ्याने दाबून पक्के केले. मी म्हटलं, "थांब. डब्याच्या आत यांना 0, 1, 2, 3 म्हणतात. तसं लिही, म्हणजे पुन्हा घोटाळा नको."

तिने एकेक डिस्क उचलून बघितली, परत मोजली आणि माझ्याकडे संशयाने पाहिलं.

"बाबा, शून्य नंबरची कुठाय? तीपण तूच काढलीस का?"